पेट्रोल भरताना नोझल वारंवार बंद का पडते आणि टाकी भरल्यावर गाडी सुरू का होत नाही

नमस्कार.

आपण गुहागरहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपली पेट्रोल गाडी २०१९ ची असून ती बहुतेक काळ घरामागच्या अंगणात उभी असते आणि महिन्यातून दोन-तीनदा चिपळूण किंवा रत्नागिरीला जाते. गेल्या पावसाळ्यापासून पंपावर दर दोन-तीन लिटरला नोझल खटकन बंद होते. टाकी पूर्ण भरली की गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही आणि पुढचे दोन दिवस मागच्या सीटवर पेट्रोलचा वास येतो. एकदा ३५ लिटरच्या टाकीत ३७.५ लिटर पेट्रोल गेल्याचे बिल मिळाले आणि पंपावर वाद झाला. सर्व्हिस सेंटरने फ्युएल पंप बदलण्याचा खर्च सांगितला आहे, शेजारी इथेनॉलला दोष देत आहेत आणि गणपतीत मुलांना आणण्यासाठी ही गाडी आपल्याला मुंबईला न्यायची आहे.

मी २८ वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात गॅरेज चालवतो आणि या प्रकारच्या गाड्या माझ्याकडे दर पावसाळ्यानंतर येतात. माझे पहिले सांगणे हे की फ्युएल पंप आत्ता बदलू नका. फ्युएल पंप टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलतो. टाकीत पेट्रोल शिरण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. आपण लिहिलेल्या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्या एकाच साखळीच्या कड्या असाव्यात, असे त्यांच्या क्रमावरून मला दिसते. टाकीतली हवा बाहेर पडण्याची वाट कोठेतरी अडली आहे, म्हणून नोझल बंद पडते. नोझल बंद पडते म्हणून पेट्रोल थांबतथांबत, जबरदस्तीने भरले जाते. त्या जबरदस्तीमुळे पेट्रोल जेथे जायला नको तेथे जाते आणि म्हणून गाडी सुरू होत नाही. वासाचे कारण याच साखळीत असेल किंवा खाऱ्या हवेने खाल्लेल्या एखाद्या पाइपात असेल. ते कसे वेगळे ओळखायचे ते पुढे लिहितो.

आधी नोझल का थांबते ते पाहू. नोझलच्या टोकाजवळ आतल्या बाजूला एक बारीक भोक असते. पेट्रोल वेगाने वाहत असताना नोझलच्या अंगात ओढ निर्माण होते आणि त्या भोकातून हवा सतत आत खेचली जाते. पेट्रोलची पातळी चढून भोक बुडाले की हवा मिळणे थांबते, ती ओढ आतल्या पडद्यावर येते आणि पडदा खटका सोडतो. यालाच पंपावर ‘ऑटो कट’ म्हणतात. यात वीज नाही, सेन्सर नाही आणि टाकीत किती पेट्रोल आहे हे नोझलला मुळीच कळत नाही. आपल्या टोकाशी पेट्रोल आले आहे, एवढेच त्याला कळते. त्यामुळे टाकी निम्मी रिकामी असली तरी भरण्याच्या पाइपात पेट्रोल तुंबून वर आले की नोझल टाकी भरल्यासारखेच वागते.

पेट्रोल तुंबते कारण टाकी आधीच हवेने भरलेली असते आणि आत येणाऱ्या प्रत्येक लिटरमागे एक लिटर हवा बाहेर जावी लागते. अरुंद तोंडाच्या कळशीत एकदम पाणी ओतले तर ती गुडगुड करून पाणी बाहेर फेकते, तसेच येथे होते. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये जाड फिलर पाइपाला लागून एक बारीक पाइप असतो आणि टाकीतली हवा त्यातून परत तोंडाशी येते. याशिवाय टाकीच्या माथ्यावरून निघणारी एक नळी कार्बन कॅनिस्टरकडे, म्हणजे पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे जाते. काही गाड्यांत भरतानाच्या हवेचा मोठा वाटा याच मार्गाने जातो. कॅनिस्टरला बाहेरच्या हवेशी जोडणारे एक तोंड असते आणि पुष्कळ गाड्यांत ते मागच्या चाकाच्या आसपास खालच्या बाजूला असते. टाकी श्वास घेते आणि सोडते ती या वाटांनी.

आता आपल्या रस्त्यांचा आणि अंगणांचा विचार करा. जांभ्याची तांबडी माती ओली असताना चिकट असते आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसते. चाकाने उडवलेला चिखल त्या तोंडावर थरांनी बसतो. दुसरे कारण आपल्याकडे इतके सर्रास आहे की मी ते सर्वांत आधी पाहतो. कुंभारमाशी आपले मातीचे घर बांधण्यासाठी बोटाएवढे पोकळ भोक शोधत असते आणि महिनाभर हलत नसलेल्या गाडीची हवेची नळी तिला अगदी सोयीची पडते. मागच्या वर्षी वेळणेश्वरच्या बाजूची एक गाडी हीच तक्रार घेऊन आली होती. मालकाने त्याआधी पेट्रोल टाकीचे झाकण दोनदा बदलले होते. गाडी रॅम्पवर घेऊन कॅनिस्टरची बाहेरची नळी काढली, तेव्हा तिच्या तोंडाशी तांबड्या मातीचे बूच दिसले. पेचकस लावताच ते भुगा होऊन गळले, आत मातीच्या दोन कोठड्या निघाल्या आणि त्यांतल्या एकीत माशीने साठवलेले वाळके कोळी होते. नळी फुंकून स्वच्छ केली, तोंडावर बारीक जाळी बसवली आणि त्याच दिवशी त्या गाडीने १८ लिटर पेट्रोल एकदाही न थांबता घेतले. मजुरीशिवाय एक रुपयाही खर्च झाला नाही.

म्हणून आपल्या मेकॅनिकला पुढील क्रमाने पाहायला सांगा. पहिल्यांदा दुसऱ्या एखाद्या पंपावर, नोझलचा कोन थोडा बदलून आणि वेग कमी ठेवून भरून पाहा. एखाद्या पंपाचे नोझलच नाजूक झालेले असते आणि दोष गाडीचा नसतो. दोन-तीन पंपांवर हाच अनुभव आला, तर मागच्या चाकावरचे प्लास्टिकचे अस्तर काढून फिलर पाइपाशेजारचा बारीक हवेचा पाइप पाहावा. तो दुमडलेला, फुगलेला किंवा क्लॅम्पपाशी चिरडलेला सापडतो, विशेषतः मागून ठोकर बसून पत्र्याचे काम झालेल्या गाड्यांत. त्यानंतर कॅनिस्टरची हवेची नळी आणि तिचा फिल्टर पाहावा. टाकीच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह अडकला असेल तर टाकी उतरवावी लागते, म्हणून तो शेवटी. एक साधी खूणही आहे. बराच वेळ गाडी चालवल्यानंतर झाकण उघडताना थोडा ‘फुस्स’ आवाज येणे स्वाभाविक आहे, पण हवा जोराने आत ओढली जात असेल, किंवा गाडी काही मैलांवर बंद पडून झाकण सैल केल्यावर पुन्हा चालू लागत असेल, तर टाकीचा श्वास कोंडला आहे, हे निश्चित समजावे. नळ्या काढून पाहण्याचे काम मात्र गॅरेजमध्ये, उघड्या हवेत आणि इंजिन थंड असताना करावे. पंपावर उभे राहून कोणीही ते करू नये.

आता ३७.५ लिटरच्या बिलाबद्दल. या विषयावर मी पंपचालक आणि ग्राहक यांच्यातील इतकी भांडणे पाहिली आहेत की यावर थोडे अधिक लिहितो. माहितीपुस्तकात छापलेली ३५ लिटर ही टाकीची नाममात्र क्षमता आहे. टाकीचे पात्र त्याहून मोठे असते, कारण उन्हात पेट्रोल फुगले आणि त्याची वाफ झाली तर तिला जागा लागते. ती जागा राखण्यासाठीच टाकीच्या माथ्यावर एक तरंगणारा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल ठरलेल्या पातळीला आले की तो हवेची वाट बंद करतो, पाइपात पेट्रोल चढते आणि नोझल थांबते. पहिला ऑटो कट पडला म्हणजे, गाडी निरोगी असेल तर, कंपनीने ठरवलेली ‘फुल’ पातळी आली. त्यानंतर पंपावरचा कर्मचारी गाडी हलवतो, नोझल अर्धे बाहेर काढतो, थेंबथेंब सोडतो आणि “राउंड फिगर करू का?” असे विचारतो. तेव्हा राखीव जागेतली हवा हळूहळू निसटते आणि दोन-तीन लिटर पेट्रोल त्या जागेत व फिलर पाइपात बसते. आपल्या बिलातले अडीच लिटर बहुधा तेथेच गेले. मीटर खोटे होते असे केवळ या आकड्यावरून म्हणता येत नाही.

मापाची शंका असेल तर तिचे निरसन करण्याचा रीतसर मार्ग आहे आणि तो मागताना संकोच करू नये. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल सोडून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरले तर तक्रार करावी. शुद्धतेची शंका असेल तर फिल्टर पेपर मागावा. नोझलचे टोक पुसून पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकला, तर तो काही मिनिटांत उडून जायला हवा आणि मागे डाग राहता कामा नये. पहाटे भरलेले पेट्रोल जास्त मिळते ही समजूत मात्र सोडून द्यावी. दहा अंशांच्या फरकाने पेट्रोल साधारण एक टक्का फुगते हे खरे आहे, पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, तेथील तापमान दिवसभरात फारसे हलत नाही आणि किनाऱ्यावर तर बाहेरच्या हवेतही दिवसरात्रीचा फरक देशावरच्यापेक्षा कमी असतो.

ऑटो कटनंतर भरलेल्या त्या अडीच लिटरांची किंमत आपण पंपावर दिली त्याहून मोठी असते. राखीव जागा पेट्रोलने भरली की वाफेऐवजी पातळ पेट्रोलच माथ्यावरच्या नळीतून कार्बन कॅनिस्टरमध्ये उतरते. कॅनिस्टरमधला कोळसा वाफ शोषण्यासाठी असतो. गाडी उभी असताना तो वाफ धरून ठेवतो आणि गाडी चालू झाल्यावर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधला विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, उघडून इंजिन ती वाफ ओढून घेते, त्यामुळे वास बाहेर पडत नाही आणि इंधनही वाया जात नाही. या कोळशावर पातळ पेट्रोल ओतले गेले तर त्याचे बारीक कण सुटतात, नळीतून पुढे सरकतात आणि पर्ज व्हॉल्व्हच्या बैठकीत जाऊन अडकतात. वीज मिळत नसताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा. कण अडकल्याने तो अर्धवट उघडा राहिला, की टाकी भरल्याबरोबर दाटलेली सगळी वाफ थेट इंजिनात येते. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचे पेट्रोल येतेच, त्यात या वाफेची भर पडते. मिश्रण इतके दाट होते की ठिणगी पडूनही ते पेटत नाही. टाकी अर्धी असताना आपली गाडी नीट सुरू होते आणि भरल्यावरच त्रास देते, याचे कारण हे. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून स्टार्टर मारला तर ती कुरकुरत, धूर टाकत सुरू होते. आपण हा प्रयोग करून पाहिला असेल आणि तो लागू पडला असेल, तर माझे निदान जवळजवळ पक्के झाले.

तपासणी सोपी आहे. थंड इंजिन सुरू करून आयडलवर ठेवावे, पर्ज व्हॉल्व्हची कॅनिस्टरच्या बाजूची नळी काढावी आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवावे. बोट ओढले गेले, तर व्हॉल्व्ह बंद होत नाही. इंजिन बंद करून व्हॉल्व्ह बाहेर काढावा आणि त्यातून हवा जाते का हेही पाहावे. त्यासाठी तोंड लावू नये, हवेचा छोटा हातपंप वापरावा. कॅनिस्टर काढला की तो हातात तोलून पाहावा. कोरडा कॅनिस्टर त्याच्या आकाराच्या मानाने हलका लागतो. गेल्या मे महिन्यात मी काढलेला एक कॅनिस्टर भरलेल्या तेलाच्या डब्यासारखा जड होता. तिरका करताच त्याच्या नळीतून काळपट पेट्रोल ठिबकू लागले आणि बाटलीत धरले तेव्हा ते पाव लिटरहून अधिक भरले. असा भिजलेला कॅनिस्टर उन्हात वाळवून परत बसवतात, ते मला मान्य नाही. कोळशाचे कण एकदा सुटू लागले की नवा पर्ज व्हॉल्व्हही काही महिन्यांत पुन्हा अडकतो. दोन्ही एकदम बदलावेत, आणि तो खर्च पुन्हा येऊ नये म्हणून पहिल्या ऑटो कटला नोझल बाहेर काढायला सांगावे. पंपावरचा मुलगा आग्रह करील, कारण बहुतेक ग्राहकांना टाकी काठोकाठ हवी असते. आपण आधीच “कटला थांबव” एवढे सांगून ठेवले की तो थांबतो.

वासाकडे मात्र अधिक गांभीर्याने पाहा. टाकी भरल्यावरच वास येतो आणि पातळी उतरल्यावर थांबतो, असे आपण लिहिले आहे. याचा अर्थ गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. ती तीन ठिकाणी असू शकते: भिजलेल्या कॅनिस्टरपाशी, मागच्या सीटखाली टाकीवर बसवलेल्या फ्युएल पंपाच्या सीलपाशी किंवा फिलर पाइपात. कोकणात मी तिसरे ठिकाण कधीही वगळत नाही. आता पुष्कळ गाड्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि मालकाला वाटते की गंजाचा प्रश्न मिटला, परंतु फिलर पाइप अनेकदा लोखंडीच असतो आणि तो मागच्या चाकावर, प्लास्टिकच्या अस्तराच्या आड असतो. चाकाने उडवलेली ओली माती आणि खारा वारा त्या आडोशाला साचतात आणि पाइप जेथे कमानीला टेकतो तेथे तो बाहेरून कुजतो. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणाऱ्यांच्या किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीने नेहमी ये-जा करणाऱ्यांच्या गाड्यांत मी हे लवकर पाहिले आहे. वरवर पाहता रंगाचा फुगवटा दिसतो. त्यावर अंगठ्याचे नख दाबले की पापुद्रा निघतो, आणि एकदा तर माझ्या मुलाचे बोट सरळ पाइपात गेले होते. अशा पाइपाला एम-सील लावून भागवू नये आणि वेल्डिंगची ज्योत तर त्याच्या जवळपासही नेऊ नये. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. पाइप नवाच घालावा.

उंदरांचाही उल्लेख केलाच पाहिजे. पावसात ते ऊब आणि कोरडी जागा शोधत गाडीत शिरतात आणि पेट्रोलच्या प्लास्टिक नळ्या व पंपाच्या तारा कुरतडतात. टाकी कितीही भरलेली असो, वास सतत येत असेल आणि गाडीखाली ओला डाग दिसत असेल, तर आधी या नळ्या पाहाव्यात.

इथेनॉलबद्दल शेजाऱ्यांचे म्हणणे पूर्ण खोटे नाही, पण आपल्या तक्रारीला ते लागू पडत नाही. देशात १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल विक्रीला आले आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज थोडे उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचा अंदाज दिला होता. आपल्या गाडीतील रबराच्या नळ्या आणि सील २० टक्क्यांसाठी तपासलेले आहेत का, हे माहितीपुस्तकात किंवा झाकणाच्या आतल्या चिठ्ठीवर पाहावे, आणि नळ्या कडक झाल्या किंवा फुगल्या असतील तर बदलाव्यात. पण नोझल थांबण्याला किंवा ३७.५ लिटरला इथेनॉल जबाबदार नाही.

इथेनॉलचा खरा प्रश्न आपल्याकडे पाण्याचा आहे. साधे पेट्रोल पाण्याला दूर ठेवते आणि थोडे पाणी गेले तर ते तळाशी वेगळे राहते. इथेनॉल पाणी सामावून घेते. १० टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे पाच मिलीलिटरच्या आसपास पाणी विरघळून राहू शकते आणि २० टक्क्यांत त्याहून अधिक. ती मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉललाही बरोबर घेऊन तळाशी बसते, आणि फ्युएल पंप नेमका तळातूनच ओढतो. पेट्रोल भरून निघालेली गाडी एक-दोन किलोमीटरवर झटके देत थांबली, तर हे मनात आणावे. फ्युएल पंपानंतरच्या नळीतून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवावे. दोन थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर टाकी रिकामी करून पुसून घ्यावी लागते. आपली बाटली, भरल्याची पावती आणि वेळ जपून ठेवावी, कारण त्यांच्याशिवाय पंपावर कोणी ऐकून घेत नाही. दमट हवेने टाकीत पाणी साचते असे म्हणतात. माझ्या अनुभवात ते प्रमाण अल्प असते. तडकलेल्या सीलचे झाकण आणि गंजलेला फिलर पाइप यांतूनच पावसाचे पाणी जास्त जाते. झाकण हरवल्यावर फडके आणि प्लास्टिकची पिशवी बांधून फिरणाऱ्या गाड्या मी पाहतो, त्या हमखास परत येतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, त्यानंतरचे कित्येक आठवडे आम्ही टाक्याच उतरवत होतो. बुडालेल्या गाडीच्या टाकीत झाकणातून पाणी फारसे गेले नव्हते. ते कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडातून गेले होते. ज्यांनी गाडी वाळलेली दिसताच चावी फिरवली, त्यांच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये चिखल ओढला गेला. ज्यांनी बॅटरी काढून गाडी तशीच आमच्याकडे ढकलत आणली, त्यांचे काम बऱ्याचदा टाकी धुण्यावर भागले. पुन्हा तसा प्रसंग कोणावरही आला तर चावीला हात लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपली गाडी उभी राहते म्हणून दोन गोष्टी. पावसाळाभर ती उभी राहणार असेल तर टाकी निदान अर्धी ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा ती खरोखर दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. अंगणात दहा मिनिटे इंजिन सुरू ठेवल्याने कॅनिस्टर साफ होत नाही. आणि रिझर्व्हवर घाट चढू नये. फ्युएल पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. परशुराम किंवा कुंभार्लीच्या चढावर उरलेले पेट्रोल मागे सरकले, की तो हवा ओढतो, तापतो आणि लवकर जातो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून ही चूक वारंवार होते, कारण पेट्रोलच्या टाकीत महिनोन्महिने दोन लिटर पेट्रोल ठेवून ते विसरून जातात.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय बोलावे, तेही सांगतो. “नोझल थांबते, भरल्यावर सुरू होत नाही, भरल्यावर वास येतो” या तीन तक्रारी जॉब कार्डवर याच शब्दांत लिहून घ्या आणि पर्ज व्हॉल्व्ह, कॅनिस्टर व फिलर पाइप तपासल्याची नोंद मागा. फ्युएल पंप बदलायचाच असेल तर गेज लावून इंधनाचा दाब किती आला तो आकडा दाखवायला सांगा. दाब बरोबर असेल तर पंप बदलण्याचे कारण उरत नाही. गाडीच्या चॅसिस क्रमांकावर इंधनयंत्रणेसाठी कंपनीने रिकॉल काढला आहे का, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी त्या गाड्या परत बोलावल्या आहेत का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहता येते आणि असल्यास ते काम विनामूल्य होते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आता मुंबईचा प्रवास. निघण्यापूर्वी गाडी रात्रभर कोरड्या फरशीवर किंवा पसरलेल्या पुठ्ठ्यावर उभी करा आणि सकाळी खाली ओला डाग किंवा वास आहे का ते पाहा. डाग असेल, किंवा टाकी अर्धी असतानाही सीटपाशी वास येत असेल, तर गाडी दुरुस्त होईपर्यंत नेऊ नका, मुलांना रेल्वेने येऊ द्या. यांपैकी काहीच नसेल तर जाता येईल. टाकी पाऊणहून अधिक भरू नका, वाटेत दोनदा थोडे थोडे पेट्रोल घ्या, पंपावर भरून निघताना गाडी एका झटक्यात सुरू झाली नाही तर अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धरा, आणि परत आल्यावर चाकावरचे ते अस्तर काढून फिलर पाइप आधी पाहा.